हवे ते सॉफ्टवेअर कोणी का बनवत नाही: हिशेब मांडण्याची रीत

आमच्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत दर वर्षी एकदा तरी हा प्रश्न निघतो. बसल्या जागी फोनवरून भाजी मागवता येते, गाडी मागवता येते, मग कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक कधी नेले एवढेच सांगणारे धड मराठी सॉफ्टवेअर का मिळू नये? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर शोधताना आपण लगेच कोणाच्या तरी हेतूवर बोट ठेवतो; कंपन्यांना मराठीचे प्रेम नाही किंवा सरकारला ग्रंथालयांची पर्वा नाही, असे म्हणून मोकळे होतो. तसे असेलही. पण त्याआधी पाठकोऱ्या कागदावर दहा मिनिटे आकडेमोड केली, तर सॉफ्टवेअरच्या धंद्यात काय बनते, काय बनत नाही आणि जे बनते ते असे का बनते, याचा बराच उलगडा होतो. ही आकडेमोड कशी करावी आणि तिचे उत्तर प्रतिकूल आले तर काय करावे, हे पुढे सांगितले आहे. उदाहरण ग्रंथालयाचे आहे, कारण माझा अनुभव तिथला आहे. गृहनिर्माण संस्था, पतपेढी किंवा लहान प्रकाशनसंस्था चालवणाऱ्यांनी आकडे तेवढे आपले घालावेत.

कागदावर तीन रकाने आखा

पहिल्या रकान्यात सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी एकदाच होणारा खर्च लिहावा. दुसऱ्या रकान्यात त्याची आणखी एक प्रत देण्याचा खर्च लिहावा. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक नव्या ग्राहकामागे लागणारी माणसाची मेहनत लिहावी, म्हणजे शिकवणे, फोनवर समजावणे आणि जुन्या नोंदी भरून देणे.

सुताराने पन्नास खुर्च्या केल्या तर त्याला पन्नास खुर्च्यांचे लाकूड लागते, त्यामुळे त्याचा दुसरा रकाना गिऱ्हाइकांबरोबर वाढत जातो. सॉफ्टवेअरचा दुसरा रकाना जवळजवळ शून्य असतो, आणि या धंद्यातल्या बहुतेक विचित्र गोष्टींचे मूळ या शून्यात आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले, तेव्हा व्हॉट्सॲप दरमहा वापरणारे लोक सुमारे ४५ कोटी होते आणि कंपनीत काम करणारी माणसे ५५ होती. एप्रिल २०१२ मध्ये इन्स्टाग्राम विकले गेले तेव्हा तिथे तेरा माणसे होती. एका माणसामागे लाखो ग्राहक सांभाळणे दुसऱ्या कोणत्या उद्योगात शक्य असेल, असे मला वाटत नाही.

हे साधते ते तिसरा रकानाही शून्याकडे रेटल्यामुळे, आणि नेमकी ही गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. ४५ कोटींपैकी शेकडा एका माणसाने वर्षातून एकदा फोन केला तरी ते ४५ लाख फोन होतात. म्हणून मोठ्या ॲपच्या मदतपानावर फोन नंबर सापडत नाही. त्यामागे उद्धटपणा असण्याची गरज नाही, कारण तो नंबर दिला तर सगळे गणितच कोसळते. जे काम करायला दर ग्राहकामागे एक समंजस माणूस बसवावा लागतो, ते काम मोठ्या आकाराचे सॉफ्टवेअर आपणहून टाळते. लहान संस्थेची गरज मात्र बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यातलीच असते. आमच्या ग्रंथपालांना हवा होता तो रजिस्टरमधल्या एकोणीस हजार नोंदी संगणकात जाईपर्यंत शेजारी बसणारा माणूस.

मग गुणाकार करा

आता एका ग्राहकाकडून दर वापरामागे मिळणारी रक्कम, ग्राहकांची संख्या आणि वापराची वारंवारता यांचा गुणाकार करावा. दहा कोटी लोक वापरत असलेल्या ॲपमध्ये एखाद्या बदलामुळे माणशी वर्षाला एक रुपया जादा मिळाला, तर ते दहा कोटी रुपये झाले. त्या बदलाला एका अभियंत्याचे चार दिवस लागले असतील.

हे केवळ कल्पनेतले गणित नाही. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रावर जाहिरातींची शीर्षके दाखवण्याच्या पद्धतीत एका कर्मचाऱ्याने छोटा बदल सुचवला होता. काम काही दिवसांचेच होते, पण ती सूचना कमी महत्त्वाची ठरून सहा महिन्यांहून अधिक काळ पडून राहिली. अखेर काही वापरकर्त्यांवर तिचा प्रयोग केला तेव्हा उत्पन्न बारा टक्क्यांनी वाढले. एकट्या अमेरिकेत ही वाढ वर्षाला दहा कोटी डॉलरहून अधिक भरली. एका शीर्षकाच्या लांबीचा हा परिणाम होता.

अशा ठिकाणी नोकरी करणारा हुशार तरुण शीर्षकाची लांबी, बटणाचा रंग आणि सूचनेची घंटा कधी वाजवावी यांवर आयुष्य का घालवतो, ते यावरून कळते. त्याच तरुणाने मराठी यादीत ‘ळ’चे स्थान नीट लावले, तर एकाही आलेखाची रेघ हलणार नाही. त्याचा पगार, बढती आणि साहेबांची शाबासकी हे सगळे त्या रेघेला बांधलेले असते.

गुणाकारात डोकी मोजून भागत नाही, डोक्यांचे वजनही धरावे लागते. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने २०२३ च्या शेवटच्या तिमाहीसाठी जाहीर केलेले आकडे पाहा. अमेरिका आणि कॅनडातल्या एका वापरकर्त्यामागे फेसबुकचे उत्पन्न ६८.४४ डॉलर होते, तर आशिया-पॅसिफिक विभागात ते ५.५२ डॉलर होते, म्हणजे तिकडचा एक माणूस इकडच्या बारांच्या बरोबरीचा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक सव्वाआठ कोटींहून अधिक आहेत. ही संख्या ऐकून आपली छाती फुगते, पण हिशेबाच्या वहीत ती वजनाने गुणून मगच चढते.

पैसा कुठून येतो ते शोधा

या पायरीला फार वेळ लागत नाही, पण ती गाळू नये. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. पैसे पाठवण्याच्या मूळ कामातून ॲपला दुकानदाराकडून काही सुटत नसेल, तर ते काम गिऱ्हाईक दारात आणण्यापुरते उरते आणि कमाई दुसरीकडून करावी लागते. पैसे पाठवायला ॲप उघडल्यावर कर्ज, विमा, सोने आणि रिचार्ज यांची चित्रे आधी का दिसतात, त्याचे कारण हे आहे. कोणत्याही फुकट सॉफ्टवेअरच्या पहिल्या पडद्यावर सर्वांत ठळक जागा कशाला दिली आहे ते पाहावे. त्याच्या पोटापाण्याची सोय बहुधा तिथेच असते.

आता आपला हिशेब

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली शासनमान्यता मिळालेली ग्रंथालये ढोबळमानाने अकरा-बारा हजार आहेत आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. पुढचे आकडे मी गृहीत धरलेले आहेत, आपल्या माहितीप्रमाणे ते बदलावेत.

दोन प्रोग्रॅमरांनी वर्षभर बसून सॉफ्टवेअर तयार केले, त्याचा खर्च १६ लाख धरू. तो चार वर्षांत वसूल करायचा तर वर्षाला ४ लाख पडतात. देखभालीसाठी एका प्रोग्रॅमरचे ८ लाख आणि फोन घेणाऱ्या मदतनिसाचे ४ लाख मिळवले की वार्षिक खर्च १६ लाख होतो. लहान ग्रंथालय वर्षाला ३,००० रुपयांहून अधिक देईल असे मला वाटत नाही, कारण अनुदानाचा हप्ता येईपर्यंत तिथे सेवकांचा पगारही रखडलेला असतो. १६ लाखांना ३,००० ने भागले की ५३४ ग्रंथालये येतात. अकरा हजारांतली ५३४ म्हणजे शेकडा पाचही नाहीत, म्हणून येथवर गणित सहज जमेल असे दिसते.

आता तिसरा रकाना घ्या. प्रत्येक ग्रंथालयात एक दिवस माणूस पाठवावा लागेल. एसटीचे भाडे, जेवण आणि त्या माणसाचा रोज मिळून २,५०० रुपये धरले, तर ५३४ ठिकाणांचे तेरा लाख पस्तीस हजार होतात. पहिल्या वर्षी येणाऱ्या सोळा लाखांतले एवढे पैसे प्रवासातच जातात. शिवाय ही ५३४ ग्रंथालये एकाच दिवशी ग्राहक होत नाहीत, ती येईपर्यंत तीन-चार वर्षे जातात आणि पगार तर पहिल्या महिन्यापासून द्यावे लागतात.

या आकड्यांपुढे विक्रेता काय करतो, ते आम्ही जवळून पाहिले आहे. तो गुणाकारातली संख्या वाढवायला जातो. एकच सॉफ्टवेअर शाळा, महाविद्यालये आणि सार्वजनिक ग्रंथालये या सर्वांना चालेल असे ठरवतो, आणि ज्याच्याकडून जास्त पैसे मिळतात त्याच्या मापाने ते बेततो. आम्ही काही वर्षांपूर्वी घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सभासद नोंदवताना ‘इयत्ता’ आणि ‘तुकडी’ हे रकाने भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. विक्रेत्याला फोन केला तर त्याने ‘काहीही भरा’ असे सांगितले. परिणामी आमच्या दप्तरी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त पोस्टमास्तर दीर्घकाळ ‘इयत्ता पाचवी, तुकडी अ’ मध्ये होते. ते स्वतः हे सर्वांना हौसेने सांगत, पण वार्षिक अहवालासाठी यादी काढताना आमची जी तारांबळ उडे ती वेगळी. त्या विक्रेत्याला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही आधी शाळांकडेच गेलो असतो.

भोके कुठे पडली असतील ते आधीच ओळखा

ज्या चुकीचा त्रास थोड्यांना पण रोज होतो, ती चूक वर्षानुवर्षे तशीच राहते, कारण ती सुधारण्याचा खर्च पहिल्या रकान्यात पडतो आणि गुणाकारात त्याचे काहीच मिळत नाही. अशा जागा आधीच माहीत असतील तर कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी पाच मिनिटांत तपासता येते. मी पुढील तपासण्या करतो.

पहिली तपासणी ‘दऱ्या’ या शब्दाची. हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात खाली नुक्ता असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘या’ असतात, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, एक न दिसणारे जोडचिन्ह आणि ‘या’ असतात. पडद्यावर ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. नोंद करणाऱ्याने एका कळफलकावर टंकले आणि शोधणाऱ्याने दुसऱ्यावर, तर कपाटात असलेले पुस्तक ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. आमच्याकडे एक प्रवासवर्णन असेच दोन वर्षे ‘हरवलेले’ होते. म्हणून एकच शीर्षक दोन्ही प्रकारे भरावे आणि एका प्रकाराने शोधून दोन्ही सापडतात का ते पाहावे.

दुसरी तपासणी क्रमाची. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या तक्त्यात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे बसवले आहे, तर आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ आपण शेवटी म्हणतो, पण संगणक त्यांना ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात शोधतो. मराठीचा क्रम लावण्याची सोय अस्तित्वात आहे, फक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने ती वापरलेली असायला हवी. क्षीरसागर, काळे, कालेलकर आणि हळबे अशी चार आडनावे भरून यादी काढली की त्याने ती वापरली आहे की नाही ते लगेच कळते.

तिसरी तपासणी नोंदी बाहेर काढण्याची, तिच्याबद्दल शेवटी लिहितो.

गणित जमत नसेल तर

येथे बहुतेक लोक ग्राहकांची संख्या कशी वाढवावी याचा विचार करू लागतात. माझ्या मते लहान गरजेसाठी तो रस्ता चुकीचा आहे, कारण संख्या वाढवत गेले की आपण पुन्हा ‘इयत्ता, तुकडी’पाशी येतो. त्याऐवजी पहिला रकाना कमी करता येतो का ते पाहावे. मे २०२२ मध्ये गूगलने आपल्या भाषांतर सेवेत २४ भाषा एकदम घातल्या आणि त्यांत कोकणी होती. कोकणी बोलणारे एका रात्रीत वाढलेले नव्हते. भाषांतराच्या जोड्या हाताशी नसताना, केवळ त्या भाषेतल्या मजकुरावरून भाषांतर शिकण्याचे तंत्र सापडल्यामुळे एका भाषेमागचा खर्च उतरला होता. भाषांतराच्या दर्जाबद्दल तक्रारी असू शकतात, पण दार उघडले ते खर्चाच्या बाजूने.

ग्रंथालयांच्या क्षेत्रात याहून मोलाचे उदाहरण आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या लहानशा भागातल्या ग्रंथालय संस्थेचे जुने सॉफ्टवेअर सन २००० ची तारीख पेलणार नाही, अशी वेळ १९९९ मध्ये आली होती. मोठ्या कंपन्यांची उत्पादने परवडत नव्हती आणि मापाचीही नव्हती. तेव्हा संस्थेने एका स्थानिक संगणक कंपनीकडून स्वतःपुरते सॉफ्टवेअर करून घेतले, जानेवारी २००० मध्ये ते चालू केले आणि त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. माओरी भाषेत भेटवस्तूला ‘कोहा’ म्हणतात आणि सॉफ्टवेअरचे नावही तेच ठेवले गेले. आज कोहा जगभर आणि भारतातही वापरले जाते. या सौद्यात पहिला रकाना गरजवंतानेच भरला. दुसरा शून्यच होता. पाचशे चौतीस गिऱ्हाइकांची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

सार्वजनिक पैशातून झालेले सॉफ्टवेअर ही दुसरी वाट आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय हे त्याचे उदाहरण आहे. त्याच्या जमाखर्चाला आपला गुणाकार लागू पडत नाही, पण तिसरा रकाना तिथेही पूर्ण सुटत नाही. शिकवायला माणूस कोण देणार, हे आधी विचारून घ्यावे.

खुल्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र एक सावधगिरी हवी. फुकट गोष्ट अफाट पसरते, पण पसरल्याने ती सांभाळणाऱ्याच्या पानात काही पडतेच असे नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या संकेतस्थळे सुरक्षित ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर चूक उघडकीस आली. जगातल्या संकेतस्थळांचा फार मोठा भाग ज्यावर विसंबून होता, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या. बोभाटा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी मदतनिधी उभा केला. म्हणून खुले सॉफ्टवेअर निवडताना ते कोण सांभाळतो आणि त्याचे घर कशावर चालते, हे दोन प्रश्न विचारावेत, आणि जमेल तर आपल्या अंदाजपत्रकात त्याच्यासाठी लहानशी रक्कम ठेवावी.

आम्ही शेवटी तालुक्यातल्या आणखी चार ग्रंथालयांना बरोबर घेतले आणि पाचांत मिळून एका सर्व्हरवर कोहा बसवले. ते लिनक्स या संगणकप्रणालीवर चालते, त्यामुळे बसवायला जाणकार लागतो. गावातल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी रविवार खर्चून ते काम केले. बसवताना शोधसूचीसाठी ‘आयसीयू’ हा पर्याय निवडायला सांगावे, नाही तर देवनागरीतला शोध लंगडा पडतो. तिसऱ्या रकान्यासाठी आम्ही एका मुलीला सहा महिने मानधनावर घेतले. ती आठवड्याचा एकेक दिवस पाचही ठिकाणी बसे आणि सहाव्या दिवशी चुका निस्तरत असे. एकूण खर्चाचा तीनचतुर्थांश भाग तिच्या मानधनाचा आणि एसटीचा होता.

बाहेर पडण्याची वाट आधी पाहा

लहान विक्रेता धंदा बंद करतो, तशी मोठी कंपनीही हात आखडता घेते. गूगल रीडर ही संकेतस्थळांवरचे नवे लेख एका जागी वाचायला देणारी सेवा रोज वापरणारे निष्ठावान वाचक होते, तरी मार्च २०१३ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली आणि १ जुलैला ती बंद झाली. ज्या आकड्याने एखाद्या लहान कंपनीचे भागले असते, तो मोठ्या कंपनीच्या गुणाकारात किरकोळ ठरू शकतो.

म्हणून तिसरी तपासणी करारावर सही करण्यापूर्वी करावी. विक्रेत्यासमोर बसून सगळ्या नोंदी सीएसव्ही (साध्या मजकुराच्या स्वरूपातला तक्ता) फाइलमध्ये काढायला सांगाव्यात आणि ती फाइल त्याच्या नव्हे, आपल्या संगणकावर उघडावी. मजकूर युनिकोडमध्ये आहे का, ते पाहावे. जुन्या डीटीपी फाँटमध्ये असेल तर फाँट बदलताच मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसू लागतात. एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडल्यावर चांगली फाइलही कधी कधी अगम्य चिन्हांनी भरलेली दिसते. तेव्हा घाबरू नये, ‘डेटा’ या विभागातून ती आत घ्यावी आणि सांकेतिक पद्धत म्हणून यूटीएफ-८ निवडावी. नोंदींची संख्या दाखलखारीज रजिस्टरशी ताडून पाहावी. आम्ही ही फाइल दर वर्षी ३१ मार्चला काढतो, दोन पेन ड्राइव्हवर ठेवतो, आणि त्यांतला एक खजिनदारांच्या घरी असतो.